वेल्डच्या शिवेवर

सकाळी सातच्या आधी गुरु तेग बहादूर नगर स्टेशनवर जाऊन उभे राहा. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. पाठीला सॅक आणि सॅकला बाहेरून अडकवलेलं हेल्मेट, अशी पंचविशीतली-तिशीतली पोरं फलाटावर दिसतील. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी हेल्पर. चेंबूरला उतरून माहुल-ट्रॉम्बेकडे जायचं. कुठेतरी शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी युनिट बंद, लागलेलं असतं, वीस-पंचवीस दिवसांचं काम. मी पाइपांच्या तपासणीत बत्तीस वर्षं काढली, म्हणून यातली दोन-चार पोरं संध्याकाळी शंका घेऊन घरी येतात. परवा एकाने विचारलं, "काका, माझा जोड एक्स-रेला पास झाला. म्हणजे पाइप आता जन्मभर टिकला ना?"

त्याला मी जे सांगितलं, ते जरा विस्ताराने इथे लिहितो. गरम वाफेच्या किंवा तेलाच्या लाइनवर ज्यांचा हात लागतो, त्या सगळ्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती आमची ही जागा, म्हणून आमच्या गावाचं नाव शीव. वेल्डलाही अशी शीव असते. चांगल्या हाताने मारलेला वेल्ड स्वतः सहसा दगा देत नाही. त्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर, मूळ पाइपच्या पोलादात एक अरुंद पट्टा असतो. वेल्डिंगची आच तिथपर्यंत येऊन थांबलेली असते. जुना, तापलेला पाइप तुटतो तो पुष्कळदा तिथे. कोळ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, दोर भर गाठीत क्वचित तुटतो, गाठीला लागून तुटतो.

तिथे असं काय होतं, ते समजायला पोलादाच्या आत डोकावावं लागेल. साध्या कार्बन पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, आम्लाने किंचित चरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पांढऱ्या मऊ लोखंडात मधेमधे करडे पट्टेदार भाग दिसतात. त्यांना पर्लाइट म्हणतात. दिवाळीच्या चिरोट्यासारखे त्याचे पापुद्रे असतात: एक थर मऊ लोखंडाचा, एक थर कडक सिमेंटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या तीन अणूंनी कार्बनचा एक अणू धरून केलेल्या संयुगाचा. पाइपची ताकद पुष्कळशी या कडक पापुद्र्यांवर उभी असते.

पण सिमेंटाइट हे कायमचं घर नाही. नेहमीच्या तापमानाला ते शतकानुशतकं तसंच राहील. तेच पोलाद साधारण ४२५ अंश सेल्सिअसच्या वर वर्षानुवर्षं तापत ठेवा, की संयुग फुटायला लागतं. लोखंड लोखंडाकडे जातं आणि सुटलेला कार्बन एकेका ठिकाणी गोळा होऊन ग्रॅफाइटची गुठळी बनते. हे ग्रॅफाइट म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीच्या शिशातलंच. त्याला स्वतःची ताकद जवळजवळ नसते आणि भोवतालच्या लोखंडाला ते धरूनही राहत नाही. पोलादाच्या दृष्टीने ग्रॅफाइटची गुठळी म्हणजे एक भोकच. याच वेळी दुसरीही एक घडामोड चालू असते: सिमेंटाइटचे पापुद्रे मोडून त्यांचे बारीक गोळे होतात. ५५० अंशांच्या वर ही गोळे होण्याची क्रिया पुढे असते, त्याखाली ग्रॅफाइटचं पारडं जड.

ग्रॅफाइट पोलादात सगळीकडे विखरून झालं, तर पाइप हळूहळू मऊ पडतो, तापलेल्या स्थितीत दाब सोसायची त्याची ताकद कमी होते, पण बहुधा तो एकदम तुटत नाही. गुठळ्या एका ओळीत आल्या की मात्र परिस्थिती बदलते. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आठवा. कागद जाड असतो, तरी भोकांच्या ओळीवर हलकीशी ओढ दिली की पावती सरळ फाटून हातात येते. पाइपमध्ये ती ओळ नेमकी वेल्डच्या शिवेवर पडते. वेल्डिंगच्या वेळी वितळलेल्या धातूपासून बाहेर जावं तसं तापमान उतरत जातं. एका पट्ट्यात ते ७२७ अंशांच्या जरासंच वर जाऊन परत खाली आलेलं असतं. तिथले पापुद्रे अर्धवट विरघळून पुन्हा थिजलेले असतात आणि पुढे वर्षानुवर्षं ताप मिळाला, की ग्रॅफाइट सगळ्यात आधी तिथे बीज धरतं. आडव्या छेदात ही काळी ओळ वेल्डच्या कडेने वाकत जाते, डोळ्यावरच्या भुवईसारखी. म्हणून आमच्या धंद्यात तिला भुवईच म्हणतात.

वेल्डर पोरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ही भुवई उत्तम वेल्डच्या शेजारीही येते, त्यात हाताचा दोष नाही. दुसरी, जोड मारला त्या दिवशी ती नसतेच. त्या दिवशीचा एक्स-रे खरा असतो, पण तो त्याच दिवसापुरता असतो.

जगाला हे कळलं ते १९४३ च्या जानेवारीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलच्या वीजकेंद्रात वाफेची मुख्य लाइन वेल्डशेजारी फुटली. पाइप कार्बन-मॉलिब्डेनम पोलादाचा होता. त्यात अर्धा टक्का मॉलिब्डेनम होतं आणि उच्च तापमानाला त्या काळी ते उत्तम समजलं जाई. सुमारे ५०५ अंशांवर लाइन जेमतेम साडेपाच वर्षं चालली होती. तुटलेल्या जागी ग्रॅफाइटची साखळी सापडली, आणि मग ठिकठिकाणच्या वीजकेंद्रांतले जोड कापून तपासायची धावपळ सुरू झाली. त्या शोधातून दोन निष्कर्ष निघाले. ओतताना ज्या पोलादात ॲल्युमिनियम जास्त घातलं जातं, त्यात ग्रॅफाइट लवकर धरतं. आणि पाऊण टक्क्याच्या आसपास क्रोमियम असलं, तर ते धरतच नाही, कारण क्रोमियम कार्बनला घट्ट पकडून ठेवतं. आज गरम वाफेच्या लाइनला पी ११ किंवा पी २२ पाइप लावतात. पहिल्यात क्रोमियम सव्वा टक्का, दुसऱ्यात सव्वादोन टक्के. त्यामागे ही हकिकत आहे. साधा ए१०६ ग्रेड बी किंवा जुना कार्बन-मॉलिब्डेनमचा पी १, यांत क्रोमियमचा हा आधार नसतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "रॉड क्रोमियमचा वापरला ना, मग काळजी नाही," असं अनुभवी माणसंही बोलतात. रॉडचं क्रोमियम वेल्डमध्ये जातं. शीव मूळ पाइपात असते. पाइप साधा असेल तर रॉड कितीही उंची असो, त्या पट्ट्याला त्याचा उपयोग नाही.

आता काळाचा हिशोब. साध्या कार्बन पोलादात ५४० अंशांच्या आसपास पाचेक वर्षांत ग्रॅफाइट गंभीर होऊ शकतं. ४५५ च्या आसपास अगदी हलकं ग्रॅफाइट दिसायलाही तीस-चाळीस वर्षं लागतात. ४२५ च्या खाली ते इतकं मंद असतं, की व्यवहारात सोडून द्यावं. कार्बन-मॉलिब्डेनम थोडं जास्त सोसतं, त्याची धोक्याची पायरी साधारण ४७० अंशांवर धरतात. म्हणजे प्रश्न नेहमी दोन असतात, किती ताप आणि किती वर्षं. एकाच्याच उत्तरावर काहीही ठरवू नका. ट्रॉम्बे-माहुलच्या पट्ट्यात तेलशुद्धीकरण १९५४-५५ पासून चालू आहे. इतक्या जुन्या औद्योगिक भागात कामाला जाणाऱ्याने लाइनचं वय विचारायची सवय लावून घ्यावी, मग कारखाना कोणताही असो. तेलशुद्धीकरणात कॅटॅलिटिक क्रॅकर, रिफॉर्मर आणि कोकर या युनिटांच्या गरम लाइनी आणि वीजकेंद्रात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतच्या लाइनी, विचारायचं ते मुख्यतः इथे.

ताप विचारताना नकाशावरचा आकडा पुरत नाही. काही पाइपांना आतून विटेसारखं अस्तर असतं, त्यामुळे बाहेरचं पोलाद थंड राहतं आणि ते साधंच वापरलेलं असतं. अस्तर एका जागी ढासळलं, की तेवढाच भाग तापतो. बाहेरून त्याची खूण म्हणजे करपलेला, पापुद्रे सुटलेला रंग. असा डाग दिसला तर त्यावर नवा रंग मारायच्या आधी सुपरवायझरला दाखवा. रंग मारला की खूण गेली.

माझ्याच हातून सुटलेली एक गोष्ट सांगतो. मुंबईबाहेरच्या एका कारखान्यात पी ११ च्या लाइनमध्ये व्हॉल्व्हजवळचा हातभर तुकडा बदलला होता. गोदामात पाइपांवर रंगाचे पट्टे मारलेले असत, प्रत्येक जातीला वेगळा. त्या तुकड्यावरचा पट्टा पुसट होता, घाई होती, आणि तो साधा कार्बन पोलादाचा निघाला. जोड एक्स-रेला पास झाले, हायड्रोटेस्टही, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणीही, पास झाली. तपासनीस म्हणून कागदावर सही माझी होती. सात वर्षांनी शेजारच्या दुसऱ्याच कामासाठी लॅगिंग, म्हणजे पाइपवरचं उष्णतारोधक आवरण, उघडलं, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने सहज म्हणून तिथे पीएमआयची बंदूक धरली. क्रोमियमच्या जागी शून्य आलं. त्या रात्री आम्ही जोडाची रेप्लिका घेतली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, आणि काळे ठिपके एका ओळीत दिसले. ओळ अजून तुटक होती म्हणून आम्ही वाचलो. त्यानंतर बंदूक लावल्याशिवाय मी एकाही तुकड्यावर सही केली नाही.

पीएमआय म्हणजे धातूची जागच्या जागी ओळख. हातात धरायची क्ष-किरणांची बंदूक काही सेकंदांत क्रोमियम, मॉलिब्डेनम सांगते. कार्बन तिला दिसत नाही, ग्रॅफाइट तर नाहीच. पण हा पाइप ग्रॅफाइट होऊ शकणाऱ्या जातीचा आहे का, एवढं ती पक्कं सांगते. काम सुरू करायच्या आधी ती लावायला सांगणं हा वेल्डरचाही हक्क आहे, असं मी मानतो. "एमटीसी, म्हणजे पोलाद कारखान्याचं चाचणीपत्र, आहे ना फाइलमध्ये" या उत्तरावर समाधान मानू नका. फाइलमधला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, आणि पाइपवर ठोकलेला हीट नंबर एकच आहे का, ते स्वतः बघा.

रेप्लिका कशी घेतात, हे पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. जोडाच्या कडेवर रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी जागा ग्राइंडरने उघडी करतात. मग बारीक, आणखी बारीक कागदाने घासत जातात, शेवटी हिऱ्याच्या लेपाने. पाइपवर एक लख्ख डोळा उघडावा तशी ती जागा दिसते. त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण कापसाने फिरवतात. चकाकी मावळते, धुरकट होते. मग ॲसिटोनने ओली केलेली पारदर्शक फीत तिथे दाबून धरायची. सुकली की सोलून काचेवर चिकटवायची. पाइपच्या पोटातल्या रचनेचा ठसा त्या फितीवर उतरलेला असतो. अट एकच, ती जागा वेल्डची कड आणि त्याच्या बाहेरचा मूळ पाइप या दोन्हींना सामावणारी हवी. मी अशा रेप्लिका पाहिल्यात, ज्या अगदी मधोमध वेल्डवर घेतलेल्या होत्या. दिसायला सुंदर होत्या, पण ज्याचा शोध घ्यायचा तेच त्यात नव्हतं.

रेप्लिका फक्त पृष्ठभाग दाखवते. ग्रॅफाइट भिंतीच्या मध्यावर जास्त असू शकतं. म्हणून संशय पक्का असेल तर पाइपमधून चमचाभर धातू खरवडून काढून, किंवा एक अख्खा जोडच कापून, प्रयोगशाळेत पूर्ण जाडीचा छेद बघावा लागतो. त्यातलीच एक पट्टी काढून वाकवून बघतात. निरोगी पोलाद वाकतं. साखळी झालेलं पोलाद थोडं वाकताच शिवेवर चिरतं. अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी, डीपी (रंगद्रवाची तपासणी) या रोजच्या तपासण्या चीर पडल्यावर बोलतात, सुरुवातीच्या ग्रॅफाइटबद्दल त्या मुक्या असतात. कडकपणा मोजूनही भुवई सापडत नाही.

कायद्यानेही वयाची दखल घेतलेली आहे. भारतीय बॉयलर विनियम १९५० चे आहेत. त्यांनुसार ४०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानावर चालणाऱ्या बॉयलरचे १ लाख तास भरले, की उरलेल्या आयुष्याची तपासणी करावी लागते. १ लाख तास म्हणजे न थांबता सुमारे साडेअकरा वर्षं. १९२३ च्या मूळ कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. शटडाउनमध्ये "आरएलए चालू आहे" असं कानावर आलं, तर ती हीच तपासणी. त्या टीमने खडूने खुणा केलेल्या जोडांवर ग्राइंडर फिरवू नका, लॅगिंगही परत चढवू नका.

आणि ग्रॅफाइट सापडलंच तर? विखुरलेलं आणि हलकं असेल तर इंजिनिअर मुदत ठरवून, पुन्हा तपासणीच्या अटीवर लाइन चालवू शकतात. साखळी असेल तर तो भाग जायलाच हवा. अशा जुन्या पाइपावर थेट नवा वेल्ड मारणं धोक्याचं आहे. वेल्डच्या आचेने ग्रॅफाइट आसपासच्या लोखंडात विरघळतं, त्या ठिपक्याएवढ्या जागी कार्बन एकदम वाढतो आणि थंड होताना ती जागा काचेसारखी कडक होऊन चिरते. म्हणून जुना जोड दोन्ही बाजूंच्या शिवेसकट कापून काढायचा, कापलेल्या तोंडाची तपासणी करायची आणि शक्यतो क्रोमियमच्या पोलादाचाच नवा तुकडा बसवायचा. उरलेला जुना पाइप त्याच वयाचा आहे, हे विसरू नका: नव्या वेल्डसोबत त्याला नवी शीव मिळते. क्रोमियमच्या पाइपाला प्रीहीट आणि वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया दोन्ही लागतात. जेवणाच्या सुट्टीसाठी प्रीहीट मधेच सोडायचं नाही. क्रोमियम ग्रॅफाइटला अडवतं, म्हणून सगळंच निभावलं असं नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतच मोहावी वीजकेंद्रात क्रोमियमचा गरम पाइप लांबीच्या वेल्डवर फाटला आणि सहा माणसं गेली. तिथे ग्रॅफाइट नव्हतं, क्रीप होतं, म्हणजे तापलेलं पोलाद दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू ताणलं जाणं. पाइप कशानेही चिरला असो, चालू गरम लाइनजवळ बारीक शिट्टी ऐकू आली तर हात फिरवून गळती शोधू नका. अतितप्त वाफ फटीजवळ दिसतच नाही. निघून या आणि मग कळवा.

ज्यांनी घाबरायचं कारण नाही, त्यांनाही सांगतो. लॉन्ड्री, हॉटेल, रंगाई यांच्या छोट्या बॉयलरात १० किलो दाबाची वाफ साधारण १८५ अंशांची असते. लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या जुन्या लँकेशायर बॉयलरांच्या वाफेलाही ४२५ अंश कधी दिसले नाहीत. तिथले पाइप गंजाने, पाण्याच्या माऱ्याने जातात. ग्रॅफाइटने जात नाहीत.

आमच्या गल्लीत मात्र ग्रॅफाइट हा शब्द वेगळ्याच कारणाने ऐकू येतो, आणि त्याने गोंधळ होतो. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईत येतंय, आणि शहराच्या जुन्या भागात ओतीव लोखंडाच्या जलवाहिन्या दीर्घकाळ जमिनीत आहेत. ओतीव लोखंडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या जन्मापासूनच असतात. वडाळ्याची मिठागरं आणि खाडी जवळ असलेल्या आपल्यासारख्या भागात, खारट ओल्या मातीत त्यातलं लोखंड विरघळून जातं. मागे ग्रॅफाइट आणि गंजाचा सांगाडा उरतो, पाइपच्याच आकाराचा. बाहेरून धड दिसतो, रंगही काळपट. मागे एकदा खोदलेल्या खड्ड्याशी मी असा तुकडा उचलला आणि चाकू लावला, तर मेणासारखं टोक आत गेलं. कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली. याला उष्णता लागत नाही, वेल्ड लागत नाही. जुन्या इमारतीच्या आवारात तुमच्या मालकीचा ओतीव पाइप असेल आणि आसपास खोदकाम होणार असेल, तर एका जागी चाकूने खरवडून बघा. मऊ लागला तर त्यावर क्लँप आवळू नका, दाबाखाली कवच फुटेल. पाणी बंद करून तुकडा बदला. रस्त्याखालचा पाइप असेल तर महापालिकेच्या एफ उत्तर विभागाला कळवा.

तो परवाचा पोरगा काल परत आला. छोटी वही दाखवली. लाइन नंबर, चालू तापमान, पाइपवरचा ठसा ए३३५ पी ११, हीट नंबर, पीएमआयचा क्रोमियमचा आकडा, प्रीहीट, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. लाइन कोणत्या साली पडली, तो रकाना रिकामा होता. साइटवर कुणालाच सांगता आलं नाही, म्हणाला. मी त्याला ड्रॉइंग ऑफिसमधून लाइन हिस्टरी कार्ड मागायला सांगितलं. तो उद्या पहिल्या शिफ्टला जातोय.